बारदाना गल्लीचे मार्क

"पत्रा का स्लॅब?"

"तुमाला काय दिसायलंय?" लक्ष्मीबाईंनी दाभणातली सुतळी बारदान्यातून ओढून घेत विचारलं.

"दिसायलंय पत्रा. पन इचारावं लागतं बाई. न इचारता भरलं की वरची मॅडम कावते."

"मंग पत्रा लिवा. अन् त्येच्याखाली आमी दोगं हाव, ते बी लिवा."

शिवमूर्तीअप्पांनी टॅबवर बोट टेकवलं. मे महिन्याची दुपार होती. टॅब इतका तापला होता की हातातून दर थोड्या वेळाने इकडून तिकडे करावा लागत होता. लातूरच्या आडत बाजारामागची ही बारदाना गल्ली. बाजारातली फाटकी पोती इथे येतात, बायका ती शिवतात आणि पुन्हा बाजारात जातात. प्रत्येक दारापुढे पोत्यांची चवड, आणि हवेत तुरीच्या भुशाचा बारीक धुरळा.

"दुपारी घरात थांबता येतं का?"

"घरात?" लक्ष्मीबाई हसल्या. "घरात भाकर करपती तव्याबिगर. हे बगा की, ह्येंला भाईरच ठिवलंय."

भिंतीच्या सावलीत बाजेवर त्यांचे यजमान शेषेराव पडलेले होते. बाजारात हमाली केलेला माणूस. अंगाची उजवी बाजू वाऱ्याने गेली त्याला बरीच वर्षं झाली होती. सावली सरकेल तशी लक्ष्मीबाई बाज सरकवायच्या. सकाळी मागच्या भिंतीला, दुपारी बोळकांडीत, उतरत्या उन्हात पुढच्या दाराशी. असा शेषेरावांचा उन्हाळा घराभोवती फिरत जायचा.

"पंखा?"

"हाय. लाइट असली तर फिरतो. फिरला की गरम हवा फेकतो."

"पानी?"

लक्ष्मीबाईंनी हनुवटीने दोन निळ्या ड्रमांकडे दाखवलं. "काल टँकर आल्ता. आता पुढचा यील तवा यील. आठ दिस, धा दिस."

"अडचन आली तर मदतीला कोन येतं?"

"आता अडचन आल्याबिगर कसं कळंल, मास्तर?"

अप्पांना हसू आलं. लोक त्यांना मास्तर म्हणायचे, पण ते मास्तर नव्हते. उभा जन्म एसटीत कंडक्टर म्हणून गेला होता. लातूर–जळकोट, लातूर–किल्लारी, मध्ये काही वर्षं नांदेडच्या बाजूला. त्या गाड्यांत उभ्याने प्रवास करणाऱ्यांची नावं त्यांना पाठ असायची. कोणाची लेक कुठे दिली, कोणाची म्हैस कधी व्याली, सगळं. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ते नोकरीत नवे होते. त्या आठवड्यात किल्लारीच्या गाडीत त्यांनी कोणाकडेच तिकीट मागितलं नव्हतं आणि आगारातही त्यांना कोणी त्याबद्दल विचारलं नव्हतं.

निवृत्त झाले, आणि दुसऱ्याच वर्षी बायको गेली. लेक मंजुश्री नांदेडला सासरी. घरात बोलायला भिंती उरल्या. अशात शेजारच्या एकाने सांगितलं की एक संस्था शहरं मोजायलीय, घरोघर फिरून प्रश्न विचारायला माणसं पाहिजेत. ऊन वाढलंय, पाऊस लहरी झालाय. उद्या याहून वाईट दिवस आले तर कोणता देश, कोणतं शहर किती तयार आहे, हे त्या संस्थेला मार्कांत मांडायचं होतं. जगभरातल्या मोठमोठ्या शहरांच्या यादीत या वर्षी लातूरही होतं. प्रत्येक वस्तीला शंभरपैकी मार्क. चांगले पडले की हिरवी, बरे पडले की पिवळी, कमी पडले की लाल. अप्पांना मार्कांचं काही विशेष वाटलं नाही. दारोदार जाऊन माणसांशी बोलायचं, हे मात्र आवडलं.

लक्ष्मीबाईंचे प्रश्न संपले. टॅबवर त्यांचं घर लाल झालं. अप्पांनी टॅब पिशवीत टाकला.

"पानी घ्या उलीसं," लक्ष्मीबाई तांब्या घेऊन उठल्या.

"नगं नगं. आत्ताच पिलो."

ते खोटं होतं. त्यांची बाटली केव्हाच रिकामी झाली होती. पण गल्लीतल्या प्रत्येक दारात आधी विचारायचं, बाई पाणी किती दिवस पुरतं, आणि मग त्याच बाईच्या हातून तांब्या घ्यायचा, हे काही त्यांच्याने होईना. सकाळपासून प्रत्येक घरी ते असंच नको नको म्हणत आले होते.

पुढच्या दोन घरांत त्यांनी काय विचारलं, हे त्यांना नंतर कधीच आठवलं नाही.

आठवलं ते एवढंच की घाम यायचा थांबला होता. डोक्यात गाडीचं इंजिन घरघरायला लागलं. पायाखालचा रस्ता हलत होता, खराब रस्त्यावर एसटी हलते तसा. त्यांनी वरची दांडी धरायला हात वर केला. दांडी तिथे नव्हती.

पडल्याचा आवाज लक्ष्मीबाईंनी ऐकला. दाभण टाकून त्या धावल्या. समोरच्या घरातला धम्मानंद रिक्षा दारात लावून जेवायला बसला होता, तो उष्ट्या हातानेच आला. दोघांनी मिळून अप्पांना उचललं. कुठे न्यायचं? घरांमध्ये तर भट्टी पेटलेली.

"बाजंवर," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

"काकाला?"

"त्येंला खाली घे. पोत्यावर."

शेषेरावांना नीट बोलता येत नसे. पण त्यांनी डावा हात हलवून हलवून सांगितलं, घ्या, मला खाली घ्या. गल्लीतल्या बायकांनी त्यांना पोत्यांच्या चवडीवर टेकवलं आणि बाजेवर अप्पांना निजवलं. लक्ष्मीबाईंनी कोरी बारदानी ड्रममध्ये बुचकळली आणि त्यांच्या अंगावर टाकली. एक मानेखाली, एक छातीवर, एक पायांवर. पोती वाळली की पुन्हा पाणी. कोणी सूप घेऊन वारा घालत होतं. कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याने बर्फाचा तुकडा फडक्यात बांधून पाठवला, तो एका बाईने अप्पांच्या काखेत धरला.

अप्पांनी मध्येच डोळे उघडले. धम्मानंदाकडे पाहून खडसावलं, "तिकीट? आरं तिकीट कुठंय? जळकोटचं का उदगीरचं?"

"उदगीरचं हाय अप्पा, उदगीरचं," धम्मानंद म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "पडून ऱ्हावा निस्तं."

अंग थोडं निवलं तेव्हा त्यांना तशाच ओल्या पोत्यांत गुंडाळून रिक्षात घातलं. दोन बाया मागे बसल्या. सरकारी दवाखान्यापर्यंत त्यांच्यावर पाणी शिंपडत गेल्या.

दवाखान्यात अप्पांना शुद्ध आली ती दुसऱ्या दिवशी. मंजुश्री उशाशी होती. नांदेडहून मिळेल त्या गाडीने आली होती आणि डोळे सुजलेले होते.

"बाबा, मला ओळखलं का?"

"तुला न्हाई तर कुनाला?"

ती रडायलाच लागली.

डॉक्टर फेरीवर आले. तरुण होते, रात्रीच्या ड्युटीने थकलेले. त्यांनी नाडी पाहिली, कागद पाहिले आणि खुर्ची ओढून बसले.

"काका, तुम्हाला इथं आणायच्या आधी ज्यांनी गार केलं ना, त्यांच्या घरी जाऊन या. आम्ही सलाईन लावली, बाकीचं केलं. पण त्या तापात तुम्हाला तसंच रिक्षात घालून आणलं असतं, तर मी आत्ता तुमच्याशी बोलत नसतो."

"बारदाना गल्लीतले लोक हाईत," अप्पा म्हणाले. आदल्या दिवशी त्या गल्लीतल्या प्रत्येक घरावर त्यांनी लाल रंग उमटवला होता, ते त्यांना तेव्हाच आठवलं.

मंजुश्रीने त्यांना आठवडाभर नांदेडला नेऊन ठेवलं. तिथे कूलरच्या वाऱ्यात पडून त्यांना सारखं वाटायचं की आपण कोणाच्या तरी जागेवर झोपलोय.

परत आल्यावर पहिल्याच सकाळी ते बारदाना गल्लीत गेले. सोबत टरबूज, शेषेरावांसाठी मऊ सदरा आणि लक्ष्मीबाईंना इरकल लुगडं. गल्लीच्या तोंडाशीच पोरं ओरडली, "तिकीटअप्पा आले!" नाव पडूनही गेलं होतं.

लक्ष्मीबाईंनी त्यांना पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला. "माय! चालत आलाव की तुमी."

"तुमच्यामुळं."

"आमच्यामुळं कशाचं? दोरी बळकट व्हती."

अप्पा खाली वाकले. लक्ष्मीबाई वयाने त्यांच्याहून लहानच असाव्यात, त्या चटकन मागे सरल्या. "आवं, काय करायलाव! पाप लावताव का?" शेवटी अप्पांनी शेषेरावांच्या बाजेच्या पायाला हात लावला आणि तो हात कपाळाला नेला. शेषेरावांनी डावा हात उचलून त्यांच्या खांद्यावर ठेवला. बराच वेळ ठेवला.

टरबूज कापून झालं, गल्लीभर वाटून झालं. तेव्हा अप्पांचं लक्ष गेलं. निळे ड्रम पालथे पडले होते. दाराशी निरनिराळ्या घागरी, एक कळशी, एक रंगाचा डबा, सगळं पाण्याने भरलेलं. एकही भांडं दुसऱ्यासारखं नव्हतं.

"हे काय?" त्यांनी धम्मानंदाला हळूच विचारलं.

"काय असतंय? मावशीनं त्या दिशी दोनी डरम तुमच्यावर वतले. आख्खे. टँकर तर आजून आला न्हाई. मंग गल्लीनं दिलं, ज्येच्याकडं जे हाय ते. कुनी घागर, कुनी कळशी."

त्यांना वाटलं होतं, चार तांबे शिंपडले असतील. उन्हाळ्यात या गल्लीत दोन ड्रम म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? ते तर विचारूनच गेले होते.

त्या संध्याकाळी ते धम्मानंदाच्या रिक्षात आपल्या घरच्या बोअरचं पाणी घेऊन आले. लक्ष्मीबाई रागावल्या.

"पानी कुठं परत करत असतेत का, अप्पा?"

"परत न्हाई करायलो. आमच्या बोअरला पानी हाय, तुमच्याकडं न्हाई. निस्तं इकडचं तिकडं करायलो."

"मंग ठिवा," त्या म्हणाल्या. "पन एक घागर त्या कडंच्या घरी द्या. तिच्याकडं बाळंतीन हाय."

मग हा शिरस्ताच झाला. टँकर लांबला की अप्पा पाणी आणायचे. नाही लांबला तरी यायचे. शेषेरावांना पेपर वाचून दाखवायचे. शेषेराव ऐकता ऐकता एखाद्या बातमीवर नाक मुरडायचे, आणि अप्पांना बायको गेल्यापासून पहिल्यांदाच कोणाशी तरी रोजच्या रोज भांडल्यासारखं बरं वाटायचं.

पावसाळा सरता सरता मोजणीचा निकाल लागला. लातूरचे मार्क, वस्त्यांचा रंगीत नकाशा, सगळं पेपरात छापून आलं. बारदाना गल्ली नकाशात लाल होती, तीही सगळ्यांत गडद. शंभरात एकोणीस. शहरात सर्वांत खाली.

अप्पा त्या दिवशी गल्लीत गेले तर कोणी "तिकीटअप्पा" म्हणालं नाही. धम्मानंद रिक्षाला टेकून उभा होता. हातात तो पेपर होता.

"हे तुमी दिलेत का मार्क?"

"हाव."

"आमी तुमचा जीव वाचवला अप्पा, अन् तुमी आमाला नापास केलं?"

"आधी भरलं होतं रे. मी पडायच्या आधी."

"मंग नंतर बदलायचं व्हतं! तुमाला तोंड न्हवतं का?" त्याचा आवाज चढला. दारादारांत बायका येऊन उभ्या राहिल्या. "धोक्याची वस्ती म्हनून छापलंय इथं. उद्या म्हनतील, ऱ्हान्याजोगी जागाच न्हाई, उठा इथून. जेसीबी लावला तर कुठं जावं आमी? सांगा की!"

अप्पांनी लक्ष्मीबाईंकडे पाहिलं. त्या खाली मान घालून पोतं शिवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. धम्मानंदाच्या ओरडण्यापेक्षा अप्पांना तेच जास्त लागलं.

ते तसेच निघाले आणि संस्थेच्या कार्यालयात गेले. लातूरचं काम दामिनीकडे होतं. नांदेडची मुलगी, मंजुश्रीपेक्षा लहान. अप्पा दवाखान्यात होते तेव्हा रोज येऊन गेली होती, आणि त्यानंतर तिने भर दुपारची पाहणीच बंद करून टाकली होती.

"बसा अप्पा. काय झालं? तोंड का उतरलंय तुमचं?"

"त्या गल्लीचे मार्क वाढवा मॅडम."

तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "फेरपाहणी करता येते. अजून मुदत आहे. तुम्ही सांगा, मी बदलते. छप्पर काय लिहू?"

"...पत्राच."

"पाणी?"

अप्पांच्या डोळ्यांपुढे ते पालथे ड्रम आले. "ते बी तसंच."

"सावली? जवळ दवाखाना? दुपारी थांबायला गार जागा?"

अप्पा मान हलवत राहिले. एकेक प्रश्न येत होता आणि एकेक उत्तर होतं तसंच राहत होतं. शेवटी ती थांबली.

"अडचणीत शेजारी मदतीला येतात का?"

"येतेत!" अप्पा खुर्चीतून उठलेच. "ह्येला काय लिवलंय? पैकीच्या पैकी द्या. म्या सोता साक्षी हाव."

"पैकीच्या पैकी दिलेत अप्पा. तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा मीच गल्लीत जाऊन भरून आले. पण त्याला मार्कच पाच आहेत."

"पाच?" अप्पा खाली बसले. "मानुसकीला निस्ते पाच?"

दामिनीने लॅपटॉप मिटला. "मलापण आधी राग आला होता. मी वरच्यांना विचारलं सुद्धा. मग माझ्या मनात आलं, समजा पन्नास ठेवले, तर काय होईल? बारदाना गल्ली हिरवी होईल. मग कोणीतरी म्हणेल, इथली माणसं एकमेकांना सांभाळून घेतात, यांना कशाला पाहिजे नळ? कशाला पाहिजे सावली? लक्ष्मीबाईंनी दोन ड्रम ओतले म्हणून त्यांना तिसरा द्यायचाच नाही का अप्पा?"

बाहेर फेरीवाला ओरडत गेला.

"हे तुमी गल्लीत येऊन सांगाल का?" अप्पा म्हणाले. "मला नीट सांगता यायचं न्हाई. मी लई देणं लागतो त्येंचं, माझ्या तोंडून ते खोटं वाटंल."

दामिनी दुसऱ्या दिवशी आली. पोत्यावर मांडी घालून बसली. गल्ली भोवती जमली, पण बसलं कोणी नाही. तिने सगळं सांगितलं. लाल वस्त्यांची छपरं पहिल्या फेरीत पांढरी करून द्यायची ठरलंय, घरं त्याने बरीच निवतात, पाण्याच्या लाइनचाही अर्ज गेलाय.

"अन् जेसीबी?" धम्मानंदाने विचारलं.

"तो येणार नाही असं मी छातीठोक सांगू शकत नाही. माझ्या हातात तेवढं नाही. पण उठवायसाठी ही मोजणी केलेली नाही, हे मला माहीत आहे. तशी कोणी वापरली, तर मी इथं येऊन तुमच्याबरोबर उभी राहीन."

मग लक्ष्मीबाईंनी अप्पांना विचारलं. त्या भांडणानंतर त्यांच्याशी बोलल्या त्या तेव्हाच.

"तुमी लिवलं ते खरं का खोटं?"

"खरं."

"सगळं?"

"सगळं."

"मंग झालं की." त्यांनी धम्मानंदाकडे पाहिलं. "पोट दुखायलं तर वैद्याला डोस्कं दुखतंय म्हून सांगावं का रं? कामून त्येंच्यावर खेकसतुस? बस खाली. च्या ठिवते."

धम्मानंद बसला नाही. पण चहा झाल्यावर पहिली बशी त्यानेच अप्पांच्या हातात दिली.

छपरं पांढरी व्हायला महाशिवरात्र उजाडली. मध्ये दोनदा तारीख पुढे गेली. धम्मानंद तेवढ्यात म्हणून घेत होता, बघा, म्हनलं व्हतं न्हवं. मग एके सकाळी रंगाचे डबे आले आणि शिडी आली. संस्थेची माणसं कमी पडली तेव्हा गल्लीच चढली छपरांवर. अप्पांना कोणी चढू देईना.

"तुमी पडल्यावर परत डरम वतायला लागतील," धम्मानंद वरून ओरडला आणि गल्ली हसली.

अप्पा खाली शिडी धरून उभे राहिले. रंग ठिबकत होता. त्यांच्या डोक्यावर, चष्म्यावर, सदऱ्यावर पांढरे ठिपके पडले. मंजुश्री त्या दिवशी आली होती. मुद्दाम आली होती, या गल्लीतल्या माणसांना भेटायचं म्हणून. ती लक्ष्मीबाईंच्या गळ्यात पडली आणि तशीच राहिली. लक्ष्मीबाई तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणत होत्या, "आसूं दे बाय, आसूं दे. तुजा बाप लई गोड मानूस हाय. निस्ता पानी पित न्हाई येळंवर."

पाण्याची लाइन मात्र आली नाही. अर्ज कुठल्या तरी टेबलावर होता. टँकर येतच होता, आणि लांबतही होता. जेसीबी आला नाही. पुढच्या मोजणीत गल्लीचे मार्क थोडे वाढतील असं दामिनी म्हणत होती. लाल काही जायचा नाही, पण थोडा उजळेल. दामिनीची बदली नांदेडला झाली. जाताना ती गल्लीत जेवून गेली.

उन्हाळा पुन्हा सुरू झाला. यंदा अप्पा मोजणीला गेले नाहीत, डॉक्टरांनी मनाई केली होती. पण गल्लीत जायला कोणाची मनाई नव्हती. एप्रिलमधली एक दुपार होती. ऊन रस्त्यावर उभं राहू देत नव्हतं. अप्पा डोक्याला पंचा गुंडाळून, बाटलीतलं पाणी पीत पीत, सावली सावलीने बारदाना गल्लीत पोचले. बगलेत शेषेरावांचा पेपर होता.

बोळकांडीत बाज नव्हती. पुढच्या दारातही नव्हती. शेषेरावांना हल्ली बरं नसायचं. हिवाळ्यात दोनदा दवाखान्यात न्यावं लागलं होतं. दाराशी लक्ष्मीबाई एकट्या बसल्या होत्या. पुढ्यात अर्धवट शिवलेलं पोतं पडलं होतं, आणि दोन्ही हात मांडीवर रिकामे होते. असे हात रिकामे ठेवून बसलेल्या लक्ष्मीबाई अप्पांनी कधी पाहिल्या नव्हत्या.

"बाई..." त्यांचा आवाज चिरकला. "शेषेराव?"

लक्ष्मीबाईंनी घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं आणि मागे उघड्या दाराकडे मानेने खुणावलं.

"हळू बोला," त्या पुटपुटल्या. "घरात झोपलेत."